बारा खुर्च्या कोणाच्या?

एखाद्याची जमीन बळकावली तर त्याला कोर्टाची पायरी चढता येते. कागद असतात, फेरफार असतो, शेजारच्या बांधावरचा साक्षीदार असतो. पण माणूस मरून गेल्यावर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी कोणी उठून म्हणाले, की ज्या पुस्तकासाठी तुम्ही याला ओळखता ते पुस्तक याने लिहिलेच नाही, तर त्या मेलेल्या माणसाने दाद कोठे मागायची? त्याचे वकीलपत्र कोणी घ्यायचे?

रशियात असा एक वाद गेली काही वर्षे चालू आहे. तो दूरचा आहे. त्या पुस्तकांची नावेही आपल्यापैकी अनेकांनी ऐकली नसतील. तरीही आम्ही तो आज या स्तंभात मुद्दाम घेत आहोत. लेखकत्व हिरावून घेण्याची एक ठरलेली रीत असते आणि ती या खटल्यात फार स्वच्छ दिसते.

पुस्तके दोन. 'बारा खुर्च्या' आणि 'सोन्याचे वासरू'. पहिली कादंबरी १९२८ साली मॉस्कोच्या 'तीस दिवस' या मासिकात जानेवारीपासून जुलैपर्यंत क्रमशः छापून आली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. दुसरी त्याच मासिकात १९३१ साली आली. तिचे पुस्तक अमेरिकेत इंग्रजीत १९३२ मध्ये निघाले. मायदेशी मात्र पुस्तक निघायला १९३३ उजाडले. दोन्हींवर लेखक म्हणून नावे आहेत इल्या इल्फ आणि येवगेनी पेत्रोव यांची. रशियन भाषेतली ही सर्वांत लाडकी विनोदी पुस्तके. त्यांतली वाक्ये तिथल्या माणसाच्या बोलण्यात म्हणींसारखी येतात. बोलणाऱ्याला ती पुस्तकातली आहेत याचे भानही नसते.

गोष्ट थोडक्यात अशी. क्रांतीपूर्वीचा एक सरदार, आता जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत कारकुनी करणारा. मरणपंथाला लागलेली सासू त्याला सांगते, की दिवाणखान्यातल्या बारा खुर्च्यांपैकी एकीच्या गादीत तिने हिरे शिवून ठेवले आहेत. खुर्च्या सरकारजमा होऊन देशभर पांगलेल्या. हा निघतो शोधाला आणि त्याला भेटतो ओस्ताप बेंडर. बेंडर म्हणजे अंगावर धड मोजे नाहीत पण जिभेवर साम्राज्य आहे असा भामटा. या दोघांच्या मागे एक लोभी धर्मगुरूही खुर्च्या हुडकत फिरतो. त्यांच्या पायपिटीतून नव्या सोव्हिएत समाजाची कचेरी, वसतिगृह, नाटकगृह, वर्तमानपत्र, लिलाव सगळे उघडे पडते. दुसऱ्या कादंबरीत हाच बेंडर एका छुप्या कोट्यधीशाच्या मागे लागतो. हा कोट्यधीश वरकरणी सामान्य पगारी कारकून, आणि कोट्यवधी रुबल त्याच्या सूटकेसमध्ये. बेंडर त्याच्याकडून दहा लाख काढतो आणि मग त्याला कळते, की या देशात पैसा असूनही काही करता येत नाही.

हे लिहिणारे दोघे कोण? इल्फ हा ओदेसाच्या ज्यू कुटुंबातला, बँकेत नोकरी करणाऱ्या बापाचा मुलगा. खरे आडनाव फाइन्झिलबर्ग. शिक्षण तांत्रिक शाळेपर्यंत. त्यानंतर नकाशे काढण्याची कचेरी, टेलिफोन केंद्र, कारखाना असे मिळेल ते काम. पेत्रोव हा त्याच ओदेसातला शिक्षकाचा मुलगा. खरे आडनाव कातायेव. तरुणपणी तीन वर्षे गुन्हे अन्वेषण खात्यात होता. आपली पहिली साहित्यकृती म्हणजे एका अनोळखी प्रेताचा पंचनामा, असे तो स्वतःच थट्टेने सांगे. (फौजदारी कोर्टात वावरणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाक्य मनापासून पटते. पंचनामा लिहिणाऱ्याइतके गद्याचे शिक्षण दुसऱ्या कोणाला मिळत नसेल.) दोघांची गाठ पडली मॉस्कोत, 'गुदोक' म्हणजे 'भोंगा' नावाच्या रेल्वे कामगारांच्या दैनिकात. रेल्वेच्या कानाकोपऱ्यांतून कामगारांची पत्रे येत. त्यांना छापण्याजोगे रूप द्यायचे, टोक काढायचे, हे इल्फच्या टेबलाचे काम.

आता तिसरा माणूस. मिखाइल बुल्गाकोव. कीवचा, धर्मविद्यापीठातल्या प्राध्यापकाचा मुलगा, शिक्षणाने डॉक्टर. १९२३ ते १९२६ या काळात तोही 'गुदोक'मध्ये लिहीत होता. पुढे त्याची 'मास्टर आणि मार्गारिटा' ही कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी, १९६६-६७ मध्ये, काटछाट होऊन छापली गेली आणि तो जगभर पोचला. २०१३ मध्ये इरिना अम्लिंस्की यांनी बर्लिनमधून एक पुस्तक काढले. म्हणणे असे, की 'बारा खुर्च्या' आणि 'सोन्याचे वासरू' बुल्गाकोवने लिहिले. व्लादिमिर कोझारोवेत्स्की यांनी हीच बाजू पुढे लावून धरली.

या पक्षात मांडले जाते ते असे. बुल्गाकोव संकटात होता. १९२६ च्या मे महिन्यात गुप्त पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेऊन डायऱ्या आणि 'कुत्र्याचे काळीज' या कथेचे हस्तलिखित उचलून नेले होते. १९२७ मध्ये ट्रॉट्स्कीच्या गटाविरुद्ध मोहीम चालली होती आणि तिला विनोदी कादंबरीची जोड हवी होती. म्हणून गुप्त पोलिसांच्या सांगण्यावरून बुल्गाकोवने लिहिले, पेत्रोवचा थोरला भाऊ व्हॅलेंटिन कातायेव याने मध्यस्थी केली आणि वर नाव लावायला दोन होतकरू पोरे पुढे उभी केली. पुरावा कोणता? शैली जुळते, प्रसंग जुळतात, शब्दांच्या लकबी जुळतात. दोन नोकरदार माणसे एवढी कादंबरी काही महिन्यांत लिहूच शकत नाहीत. जे हस्तलिखित उपलब्ध आहे ते पेत्रोवच्या हातची नक्कल आहे. आणि मुख्य म्हणजे, या दोघांनी त्याआधी इतक्या तोडीचे काही लिहिलेच नव्हते.

सुज्ञ वाचकांनी शेवटचा मुद्दा नीट वाचावा. खटल्याचा पाया तोच आहे. बाकीचे सगळे त्यावर रचलेले मजले आहेत.

प्रथम आम्ही दुसऱ्या बाजूच्या पदरात तिचे माप टाकतो. बुल्गाकोवच्या 'झोयकाची खोली' या नाटकात आमेतिस्तोव नावाचा एक वाचाळ, उचापती ठक आहे. हे नाटक १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये रंगमंचावर आले, म्हणजे बेंडर कागदावर येण्याच्या आधी. दोघांत नात्यातले साम्य आहे, हे अभ्यासकांनीही नोंदवले आहे. वेगाचा प्रश्नही खोटा नाही. काम १९२७ च्या हिवाळ्यात चालू होते आणि १९२८ च्या जानेवारीच्या अंकात छपाई सुरूही झाली. पूर्ण झालेले हस्तलिखित संपादकाने वाचले, मग स्वीकारले, मग छापले, या क्रमात हे बसत नाही. आणि सोव्हिएत राज्यात असे होऊच शकत नव्हते, असे तर कोणीच म्हणू नये. ब्रेझनेव्हच्या नावाने १९७८ मध्ये आठवणींची तीन पुस्तके निघाली, ती पगारी पत्रकारांनी लिहिली होती, आणि त्यांवर ब्रेझनेव्हला साहित्याचे लेनिन पारितोषिक देण्यात आले. ज्या देशाने हे पाहिले त्या देशातला वाचक मुखपृष्ठावरच्या नावाकडे संशयाने पाहतो, यात त्याचा दोष नाही.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो, हा साक्षीपुराव्याचा पहिला धडा. तेव्हा आता उलटतपासणी.

वेगाचे पाहू. 'तीस दिवस' मासिक आणि कादंबरी काढणारी प्रकाशनसंस्था या दोन्हींची सूत्रे व्लादिमिर नार्बुत या एकाच माणसाकडे होती. हा नार्बुत या मंडळींना ओदेसापासून ओळखत होता. ओळखीच्या संपादकाने लेखकाच्या शब्दावर आधीच जागा राखून ठेवावी, यात गुप्त पोलिस शोधण्याची गरज नाही. आमच्याकडच्या दिवाळी अंकांचे संपादक हेच करतात. लेखकही कोणी दोन अनाथ पोरे नव्हती. पहिली कल्पना थोरल्या कातायेवची. तुम्ही दोघे लिहा, मी शेवटी हात फिरवतो, असा त्याचा प्रस्ताव होता. पहिला भाग वाचल्यावर त्याने हात झटकले आणि सांगितले, की माझी गरज नाही, तुमचे तुम्हीच पुरे करा. मोबदल्यात पुस्तक मला अर्पण करा आणि मानधनातून सोन्याची सिगारेट-डबी द्या. अर्पणपत्रिका आजही पुस्तकावर आहे. डबी दिली ती बायकांची, आकाराने लहान, म्हणून स्वस्त. हे कातायेवने स्वतः १९७८ मध्ये छापलेल्या आठवणींत लिहिले आहे. कट करणारे लोक अशा डब्यांचा हिशेब ठेवत नाहीत.

हस्ताक्षराचे पाहू. 'बारा खुर्च्या'चे दोन खर्डे मॉस्कोच्या साहित्य अभिलेखागारात आहेत. एक पेत्रोवच्या हातचा आणि दुसरा टंकलिखित, ज्यावर दोघांच्याही हातच्या दुरुस्त्या आहेत. पेत्रोवच्या हातचा म्हणून तो दुसऱ्याचा, हे कोणते तर्कशास्त्र? दोघे एकत्र बसून वाक्य ठरवीत आणि लेखणी बहुधा पेत्रोवच्या हातात असे. त्यांची एक अट होती. एकच शब्द दोघांच्या तोंडून एकदम निघाला तर तो टाकून द्यायचा, कारण जो दोघांना एकदम सुचतो तो तिसऱ्या-चौथ्यालाही सुचेल. आम्हाला लेखनाविषयीची ही अट फार मोलाची वाटते. दोन डोक्यांच्या घासाघासीतून आलेली भाषा त्या दोघांच्या स्वतंत्र लिखाणापेक्षा वेगळी दिसणारच. म्हणजे 'आधीचे लिखाण या तोडीचे नाही' याचे उत्तर त्यांच्या कामाच्या पद्धतीतच आहे.

शिवाय इल्फच्या टिपणवह्या आहेत. १९२५ पासूनच्या. त्यांत चमत्कारिक नावे, पाट्या, ऐकलेले संवाद, अर्धवट विनोद टिपलेले आहेत आणि त्यांतले कितीतरी पुढे कादंबऱ्यांत उतरले आहेत. १९२७ च्या उन्हाळ्यात दोघे मिळून कॉकेशस आणि क्रिमियाला गेले. 'बारा खुर्च्या'चा उत्तरार्ध त्याच मुलखात घडतो. कादंबरीतले वसतिगृह आठवा, जिथे प्लायवूडच्या भिंतींतून शेजाऱ्याचा श्वासही ऐकू येतो. इल्फ तशाच पातळ भिंतींच्या खोलीत, 'गुदोक'च्या वसतिगृहात राहिला होता.

आणि आता असा मुद्दा, ज्यावर आमच्या मते हा खटला संपतो. 'सोन्याचे वासरू' मध्ये वाळवंटातून जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचे दोन टोकांकडून आलेले रूळ जोडण्याचा समारंभ आहे. पत्रकारांनी भरलेली खास गाडी, वाटेतल्या गमती, भाषणे, मेजवानी, सगळे तपशिलाने आले आहे. तुर्कस्तान-सायबेरिया रेल्वेचे रूळ १९३० च्या वसंतात प्रत्यक्ष जोडले गेले तेव्हा त्या गाडीत इल्फ आणि पेत्रोव हे दोघे वार्ताहर म्हणून होते. बुल्गाकोव तेव्हा कोठे होता? मॉस्कोत. २८ मार्च १९३० रोजी त्याने सरकारला पत्र लिहिले होते, की मला काम द्या नाहीतर देश सोडू द्या. १८ एप्रिलला स्टालिनचा फोन आला आणि पुढच्याच महिन्यात तो कला रंगभूमीत सहायक दिग्दर्शक म्हणून रुजू झाला. फौजदारी कायद्यात आरोपी गुन्ह्याच्या जागी नव्हता असा बचाव असतो. येथे तो बुल्गाकोवला लागू पडतो!

साक्षीदारही तपासू. १९२५ पासून १९३२ पर्यंत बुल्गाकोवची पत्नी होती ल्युबोव बेलोझेर्स्काया. दोन्ही कादंबऱ्या त्याच वर्षांतल्या. एका घरात राहून नवरा दोन जाडजूड कादंबऱ्या लिहितो आणि बायकोला पत्ता लागत नाही? तिच्या आठवणी १९७९ मध्ये अमेरिकेत छापल्या गेल्या, म्हणजे सोव्हिएत सेन्सॉरचा हात जिथे पोचत नाही तिथे. त्यांत या दाव्याचा मागमूस नाही. पुढची पत्नी येलेना सेर्गेयेव्हना हिने नवऱ्याच्या लिखाणाचा कपटाही जिवापाड जपला, 'मास्टर' छापून येईपर्यंत सव्वीस वर्षे वाट पाहिली. तिनेही असे कधी म्हटले नाही. थोरला कातायेव १९८६ पर्यंत जगला. सगळे भीतीने गप्प राहिले, असे उत्तर देण्यात येते. ठीक. मग १९९१ नंतर राज्यच कोसळले, अनेक कपाटे उघडली. या व्यवहाराचा एक कागद, एक पावती, एक चिठ्ठी कोणी पुढे ठेवली आहे काय? पुरावा नाही म्हणजे तो नष्ट केला, आणि नष्ट केला म्हणजे कट होताच. या चक्रात एकदा शिरले, की जगातला कोणताही निकाल कोणाच्याही विरुद्ध देता येतो.

ज्या राज्याने ही कादंबरी मागवून घेतली म्हणतात, त्याने तिचे पुढे काय केले तेही पाहावे. १९४८ मध्ये दोन्ही कादंबऱ्यांची ७५,००० प्रतींची आवृत्ती निघाली आणि लेखक संघाच्या सचिवमंडळाने ती घोर राजकीय चूक ठरवली. त्यानंतर १९५६ पर्यंत पुस्तक छापणे बंद. दोन्ही लेखक तेव्हा मातीत होते, त्यांना शिक्षा करणे शक्य नव्हते, म्हणून पुस्तकाला केली.

राहिली शैली. बुल्गाकोव आणि इल्फ एकाच कचेरीत, एकाच पत्रव्यवहारावर, एकाच वाचकासाठी लिहीत होते. जागेची टंचाई, कचेरीचा कारभार, नव्या संस्थांची लांबलचक नावे हा सगळ्यांचा सामाईक कच्चा माल. 'मास्टर आणि मार्गारिटा'शी साम्य दाखवणारे एक साधी गोष्ट विसरतात. बुल्गाकोवने ती कादंबरी सुरू केली १९२८ च्या सुमारास आणि लिहीत राहिला १९४० पर्यंत. 'बारा खुर्च्या' तोवर घराघरांत पोचली होती. नंतरच्या पुस्तकात आधीच्या पुस्तकाचा आवाज ऐकू आला तर उसनवारी कोणी केली, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? १९३४ नंतर तर बुल्गाकोव, इल्फ आणि पेत्रोव मॉस्कोतल्या लेखकांच्या एकाच इमारतीत राहत होते, एकमेकांकडे येत-जात होते.

कानाने शैली ओळखता येते या आत्मविश्वासालाही एकदा धक्का बसलेला आहे. १९३५-३६ मध्ये दोघे अमेरिकेत फिरले आणि परतल्यावर प्रवासवर्णन लिहिताना त्यांनी प्रथमच प्रकरणे वाटून घेतली. वीस इल्फची, वीस पेत्रोवची, सात मिळून लिहिलेली. एका जाणत्या समीक्षकाने कोणते प्रकरण कोणाचे हे सांगण्याचा प्रयत्न केला, त्याला ते जमले नाही. दहा वर्षांत दोघांची भाषा एक झाली होती.

आता त्या पायाच्या मुद्द्याकडे येऊ. 'यांच्याकडून हे होणे शक्य नाही.' हे वाक्य रशियात पहिल्यांदा उच्चारले गेले नाही. स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे शिवणाऱ्याच्या पोराने ती नाटके लिहिली हे कित्येकांना पचले नाही, आणि १८५७ मध्ये डेलिया बेकनने त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. रशियातच १८३४ साली येर्शोव नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कुबड्या घोड्याची पद्यकथा लिहिली. ती पुश्किनची आहे असे म्हणणारा पक्ष निघाला आणि त्या पक्षात वर सांगितलेले कोझारोवेत्स्कीही आहेत. शोलोखोव्हचे प्रकरण सर्वांत कडू. शाळा अर्धवट सुटलेला, विशी नुकतीच ओलांडलेला खेड्यातला पोरगा 'संथ वाहते डॉन'सारखी कादंबरी लिहितो? चोरली असणार! २९ मार्च १९२९ रोजी 'प्रावदा'त लेखकांना निवेदन काढून त्याची बाजू घ्यावी लागली. पुढे सोल्झेनित्सिनसारख्या माणसानेही संशयाला खतपाणी घातले. नॉर्वेच्या गेइर शेत्सा यांनी सहकाऱ्यांसह संगणकाने वाक्यांची लांबी आणि शब्दांची मोजदाद केली, तिचा इंग्रजी अहवाल १९८४ मध्ये निघाला आणि कौल शोलोखोव्हच्या बाजूने पडला. हरवलेले हस्तलिखित १९९९ मध्ये सरकारी पैशाने विकत घेतले गेले. ८८५ पाने, खाडाखोडीसकट, बहुतेक त्याच्याच हातची. शोलोखोव्ह १९८४ मध्येच गेला होता.

या सगळ्यांत संशय कोणावर आणि पुस्तक कोणाच्या पदरात, हे एकदा ओळीने मांडून पाहावे. पदवी नसलेला, वयाने लहान, गावाकडचा, हलक्या समजल्या जाणाऱ्या घरातला माणूस एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सरदार, राजकवी, प्राध्यापकाचा मुलगा. याचा अर्थ काय, हे आमच्या वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे बुल्गाकोववरही अन्याय होतो, हे त्याच्या भक्तांच्या लक्षात येत नाही. ज्या माणसाने १९३० च्या पत्रात सरकारला तोंडावर सांगितले, की मी तुमच्या सोयीचे लिहिणार नाही, त्याला हे लोक गुप्त पोलिसांचा छुपा मजूर ठरवतात. दोन कादंबऱ्या त्याच्या खात्यावर जमा करायच्या आणि त्या बदल्यात त्याचा कणा काढून घ्यायचा, असा हा सौदा आहे.

इल्फ क्षयाने गेला, १३ एप्रिल १९३७ रोजी, एकोणचाळीस वर्षांचा. त्याच्या टिपणवह्या १९३९ मध्ये छापल्या गेल्या. नंतर त्याची मुलगी अलेक्सांद्रा हिने आयुष्यभर खपून वडिलांच्या वह्या आणि कादंबऱ्यांचे न कापलेले पाठ वाचकांसमोर आणले. तीही २०१३ मध्ये वारली, ज्या वर्षी बर्लिनचे ते पुस्तक निघाले त्याच वर्षी. पेत्रोव 'माझा मित्र इल्फ' नावाचे पुस्तक लिहिणार होता. त्याचा आराखडा त्याने करून ठेवला होता. युद्ध सुरू झाले, तो वार्ताहर म्हणून आघाडीवर गेला आणि २ जुलै १९४२ रोजी वेढ्यातल्या सेवास्तोपोलहून परतताना त्याचे विमान कोसळले. आराखडा कागदपत्रांत तसाच राहिला.